मोठी बॅटरी गेली म्हणे!

तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातलं बरंचसं विद्यार्थी विसरले आणि थोडंफार मीही विसरलो. पण संयुक्त क्रियापदाचा धडा डोक्यात पक्का बसलेला आहे. 'मुलगा खेळू लागला.' या वाक्यात सगळा अर्थ 'खेळू'मध्ये आहे, बरोबर? पण नुसतं 'मुलगा खेळू' असं म्हणून थांबा बघू. वाक्य जागचं हलत नाही. 'लागला' हे सहायक क्रियापद आलं की मगच ते पूर्ण होतं. दरवर्षी वर्गातलं एखादं पोर विचारायचंच, "सर, सहायक आहे तर मग एवढं महत्त्वाचं कसं?" गेल्या उन्हाळ्यात या प्रश्नाचं उत्तर मला एका मोटारीच्या डिकीत डोकं घालून शोधावं लागलं. त्याचीच ही हकिगत. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, बापूची. पुण्याची नोकरी संपवून तो परळीला परत आला तो २०१४ सालची, जुनी घेतलेली कॅमरी हायब्रिड घेऊनच. ही गाडी भारतात २०१३ साली आली, बेंगळुरूजवळच्या बिडदीला तिची जुळणी व्हायची. पुढे २०१७ साली जीएसटी आला तेव्हा हायब्रिडवर सगळं मिळून ४३ टक्के कर बसला, मग कोण घेतंय? त्यामुळे आपल्याकडच्या रस्त्यांवर ही जात तशी दुर्मीळच. मी बापूला तेव्हाच म्हटलं होतं, "अरे, परळीत पांढरा हत्ती पोसायला निघालास." तो म्हणाला, "दादा, एकदा मागच्या सीटवर बसून बघ." बसलो, आणि गप्प झालो.

हा हत्ती पुढे फार उपयोगी पडला. माझ्या भावजयीची मूत्रपिंडं गेली दोन वर्षं साथ देत नाहीत. आठवड्यातून दोनदा अंबाजोगाईला डायलिसिस. परळीहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये बालाघाटाचा चढ. परत येताना तिच्या अंगात मान धरायचंही त्राण नसतं. अशा माणसाला जीपमध्ये कोंबून न्यायचं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल. तेव्हा गाडी ही आमच्याकडे चैन उरली नव्हती.

आणि अशाच एका गुरुवारी सकाळी साडेसहाला ती बंद पडली.

बापूने ब्रेक दाबला, बटण दाबलं. समोरच्या काचेमागे दिवाळी! असतील नसतील तेवढे सगळे इशाऱ्याचे दिवे लागले, हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या असा संदेश झळकला, आतून कुठून तरी टिक टिक टिक असा आवाज आला आणि सगळं विझलं. गाडी चालायला तयार झाली की 'रेडी' असा दिवा लागतो, तो काही लागेना. गल्ली गोळा झाली. आपल्याकडे गाडी बंद पडली की पहिला उपाय ठरलेला. "सर, धक्का मारू का?" चार पोरं बाह्या सरसावून तयार. त्यांना कसं सांगायचं की या गाडीला धक्का मारून काही होत नाही? धक्क्याने सुरू व्हायला गिअर आणि क्लच लागतो, तो हिच्यात नाही. दुसरा एक शहाणा म्हणाला, "थांबा, कोपऱ्यावर ट्रक उभा आहे, त्याच्या बॅटरीवरून लावू." ट्रकमध्ये बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या, म्हणजे चोवीस व्होल्ट. ते ऐकून बापू गाडीच्या आडवाच झाला. बरं झालं. नाहीतर त्या दिवशी खरोखरच लाखाचं नुकसान झालं असतं.

शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली आणि भावजय वेळेवर पोचली. पण जाताना ती मला म्हणाली, "भाऊजी, आता ह्या गाडीचं काही खरं नाही का हो?" हे ती गाडीबद्दलच बोलत होती, असं मला वाटलं नाही.

दुपारी बापूने एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपला फोन लावला. लक्षणं सांगितली. पलीकडच्या माणसाने गाडीचं साल विचारलं आणि लगेच निकाल दिला. मोठी बॅटरी गेली, लाखाच्या वर खर्च येईल, गाडी उचलून आणायचे पैसे वेगळे. न बघता, न मोजता! नाडी न पाहता फोनवरच शस्त्रक्रिया ठरवणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणतो? संध्याकाळी पुतण्याचा फोन. "काका, बाबांना सांगा, मिळतील त्या किमतीला काढून टाका. दहा वर्षांच्या वरची हायब्रिड म्हणजे भंगारच." गल्लीचंही मत तेच. मोठी बॅटरी गेली म्हणे! दोन दिवसांत हे वाक्य मला दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. 'म्हणे' हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. सांगणाऱ्यावर कसलीच जबाबदारी येत नाही.

मला यातलं काही कळत नव्हतं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. पण एक गोष्ट खटकली. मोठी बॅटरी जर गेली, तर डॅशबोर्डवरचं घड्याळ मागे का पडलं? आतला दिवा मिणमिणता का झाला? किल्लीचं बटण दाबल्यावर दार उघडायला इतकं का कुरकुरलं? हे सगळं चालतं कशावर?

गाडीबरोबरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलो. (सौ. म्हणाली, "पेपर तपासायची सवय जात नाही बाई यांची.") त्यातून आणि इकडून तिकडून जे कळलं ते असं. या गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी निकेलची, २०४ छोटे घट एकापुढे एक, प्रत्येकी १.२ व्होल्टचा, मिळून २४४.८ व्होल्ट. चाकं फिरवायची ताकद हिच्यात, आणि इंजिनाला फिरवून जागं करायचं कामही हिच्याच जोरावर होतं. दुसरी धाकटी, साधी बारा व्होल्टची, शिशाची. ही सहायक बॅटरी. हिला इंजिन फिरवायचं नसतं. हिचं काम एवढंच की गाडीतले संगणक जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीच्या वाटेवर जे विजेचे दरवाजे आहेत ते उघडायचे. बंद गाडीत मोठी बॅटरी या दरवाजांमागे कुलूपबंद असते, सुरक्षिततेसाठी तसंच हवं. पण याचा अर्थ असा की धाकटीत त्राण नसेल तर थोरली भरलेली असूनही गाडी 'मुलगा खेळू' म्हणून थांबते!

हे मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितलं. तो आमच्या थर्मलमध्ये उभी हयात काढून निवृत्त झालेला. तो हसला. "सर, ह्याच्यात नवं काय? आमचा अडीचशे मेगावॅटचा संच तरी कुठं आपला आपण सुरू होतो?" परळीत १९७१ साली ३० मेगावॅटचा संच सुरू झाला तेव्हापासून हे गाव विजेचं गाव म्हणवून घेतं, पण ही गोष्ट मला सत्तरीत कळली. बंद संच चालू करायचा तर आधी पाण्याचे पंप फिरले पाहिजेत, हवेचे पंखे फिरले पाहिजेत, कोळसा दळणाऱ्या चक्क्या फिरल्या पाहिजेत. त्यांना लागणारी वीज बाहेरून, ग्रिडमधून घ्यावी लागते. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून थर्मल बंद पडलं होतं, ते पुन्हा उठलं तेही बाहेरच्या विजेवरच. शिवाय तिथे एक बॅटऱ्यांची खोली असते. सगळी वीज गेली तरी यंत्रणेचे दिवे, स्विच आणि फिरत्या जात्याला तेल पुरवणारा पंप तिच्यावर चालला पाहिजे. "त्या खोलीचं रजिस्टर आम्ही रोज लिहायचो सर. एकेका घटाचं माप." मग म्हणाला, "तुम्ही मोजलं का?"

नाही. कुणीच मोजलं नव्हतं!

बाजारातून तीनशे-चारशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. पहिल्यांदा डिकी उघडली. बापूच्या या गाडीत धाकटी बॅटरी डिकीत एका बाजूला आहे. नशीब, डिकी उघडली तरी. काही हायब्रिडमध्ये डिकीचं कुलूपही विजेवरच चालतं, बॅटरी पार मेली की मागच्या सीटवरून रांगत आत जावं लागतं. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील तिथे हात लावायचा नाही, हे विद्यार्थ्याने मला तीनदा बजावलं. मी वर्गात सूचना द्यायचो तशाच आवाजात. ती थोरलीची वाट, तिथे चूक झाली तर माणूस उरत नाही. आपलं काम फक्त धाकटीच्या दोन टोकांशी.

मीटरची लाल तार अधिकावर, काळी उण्यावर. आकडा आला ११.६. भरलेली, विसावा घेतलेली शिशाची बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बाराच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. बापूने दिवे लावले तसा आकडा घसरत दहाच्या आसपास आला. एवढ्या विजेवर संगणक अर्धवट जागे होतात, मिळेल तो दिवा लावतात आणि भलतेसलते दोष सांगायला लागतात. तापात माणूस बडबडतो तसं. त्या बडबडीलाच आपण 'मोठी बॅटरी गेली' असं समजत होतो.

मग शेजाऱ्यांची साधी पेट्रोल मोटार जवळ आणली आणि तिच्या बारा व्होल्टवरून तारा जोडल्या. कुठे जोडायच्या ते पुस्तक बघून. इथे घाई नको, अधिक-उणं उलटं झालं तर महागाची इलेक्ट्रॉनिक्स क्षणात जळू शकते. बापूने बटण दाबलं, आणि काय सांगू, 'रेडी'! कसलाही आवाज न करता गाडी जागी झाली. टिक टिक नाही की रोषणाई नाही. आता पुन्हा मोजलं, तर १४.१. हा आकडा फार मोलाचा. या गाडीत डायनॅमो नाही, थोरलीची वीज उतरवून धाकटीला देणारा एक कन्व्हर्टर असतो. १४.१ म्हणजे तो ठणठणीत, आणि त्याला वीज देणारी थोरलीही जागेवर आहे. म्हणजे ज्या बाईचं श्राद्ध गल्लीने उरकलं होतं, ती आत बसून सगळ्यांना वाढत होती!

एवढ्यावर बापू नवी बॅटरी आणायला निघाला, पण विद्यार्थ्याने त्याला थांबवलं. "काका, बॅटरी म्हातारी झाली का कुणी तिचं रक्त पितंय, हे आधी ठरवा." हे मला फार आवडलं. घरात पैसे टिकत नाहीत, तर पाकिटाला भोक आहे की घरात चोर आहे? उपाय वेगळे आहेत. बॅटरी काढून दुकानात रात्रभर चार्ज केली, काही तास तशीच ठेवली, मोजली, १२.६. मग कशालाही न जोडता तशीच घरात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी १२.० च्या जवळपास! गाडीला जोडलेलीच नव्हती, म्हणजे चोर बाहेरचा नाही, पाकीटच फाटकं. वरती तारीख बघितली तर २०१८ ची. परळीचे एवढे उन्हाळे तिने बंद डिकीत काढले. शिशाची बॅटरी थंडीत कण्हते पण मरते ती उन्हाळ्याने.

नवी आणतानाही एक गोम निघाली. इथल्या दुकानदाराने मापाची साधी बॅटरी पुढे केली, निम्म्या किमतीत. पण डिकी म्हणजे माणसं बसतात त्याच बंद जागेचा भाग. चार्ज होताना निघणारा वायू बाहेर नेणारी बारीक नळी असलेली, बंदिस्त जातीचीच बॅटरी तिथे हवी. तशी लातूरहून दोन दिवसांनी आली. किंमत लाखात नाही, हजारांत. ते दोन दिवस भावजयीला पुन्हा शेजाऱ्यांनीच नेलं. त्यांचे उपकार कसे फेडायचे ते अजून सुचलेलं नाही.

नवी बसवल्यावर चोराचीही झडती घेतली. मीटर मालिकेत जोडून, दारं लावून, किल्ली घरात लांब ठेवून, अर्धा तास थांबून बघितलं. ०.०३ अँपिअर. एवढं चालतं. (पहिल्या वेळी बापूने मध्येच दार उघडून बटण दाबलं आणि मीटरचा फ्यूज उडाला. वर मलाच म्हणतो, "तू सांगितलं नाहीस.")

पण माझ्या मनात एक शंका उरली होती. बॅटरी जुनी झाली हे खरं, पण ती नेमकी गुरुवारी का गेली? म्हटलं बापू, तू अंबाजोगाईला चार तास काय करतोस रे? तो जरा ओशाळला. "काय करणार दादा? गाडीत बसून गाणी ऐकतो." गाडी 'रेडी'त? "नाही, पेट्रोल कशाला जाळायचं? नुसतं बटण दाबतो, रेडिओ आणि पंखा. थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, मग परत दाबतो. एवढी मोठी बॅटरी आहे की!"

घ्या! गाडी बिचारी दर थोड्या वेळाने सांगत होती, बाबा रे, पुरे. आणि हा तिला परत उठवत होता. 'रेडी' नसताना थोरलीचे दरवाजे बंदच असतात, म्हणजे रेडिओ, पंखा, आणि त्यांच्याबरोबर जागे राहणारे सगळे संगणक एकट्या धाकटीच्या जिवावर. आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं. मी काही बोललो नाही. आत बायको यंत्राला जोडलेली असताना बाहेर चार तास माणसाने करायचं तरी काय?

आता माझं म्हणणं. हायब्रिडची मोठी बॅटरी कधी जातच नाही असं मी म्हणत नाही. जाते. पण तिची लक्षणं वेगळी असतात. ॲव्हरेज हळूहळू पडत जातं, पडद्यावरचा चार्ज भराभर चढतो आणि भराभर उतरतो, मागचा पंखा सारखा घोंघावतो. शिवाय गाडी सुरू झाल्यावर स्कॅनर लावून तिच्या गटागटाचं माप घेता येतं. हे करायच्या आधी धाकटी धडधाकट असायला हवी, नाहीतर स्कॅनरही तापातली बडबडच लिहून घेणार. क्रम उलटा करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणणार नाही, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत. आणि फोनवर लाखाचा आकडा सांगणं हा तर शुद्ध अन्याय आहे. कारण तो आकडा ऐकून लोक चांगली गाडी भंगारात काढतात. बापूने काढलीच होती. गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं.

यावर पुतण्याचं म्हणणं असं की काका, सगळ्यांनाच मीटर घेऊन बसायला वेळ नसतो. खरं आहे. पण तीनशे रुपये आणि पाच मिनिटं, एवढंच तर लागलं पहिल्या आकड्याला. आम्हाला वेळ लागला तो मोजायला नाही, मोजायचं ठरवायला. पोराला गणित येत नाही म्हणून थेट 'ढ' ठरवून मोकळे होणारे मास्तर मी पाहिलेत (थोडा काळ मीही त्यातलाच होतो). एकदा एका मुलाला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणलं आणि त्याचं गणित सुधारलं. त्याला फळा दिसत नव्हता. चष्म्याचा नंबर निघाला.

बाकी ठीक. मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या एकाची डिझेल जीप बंद पडली, तो तारा घेऊन आमच्याच दारात, "तुमची एवढी मोठी बॅटरी, जरा द्या की." बापूने हात जोडले. हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी उठवू नये, धाकटीचा तेवढा पिंड नाही. जीपवाला रागावून गेला. अजून बोलत नाही.

बापूने आता खिशात मावेल असा सेलवरचा रेडिओ घेतलाय. रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाखाली बसून गाणी ऐकतो, आजूबाजूला तशीच वाट बघत बसलेली आणखी दोन-तीन माणसं जमतात म्हणे. मीटर माझ्याकडे, टेबलाच्या खणात. दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनच्या पासबुकाबरोबर, वहीत आकडा लिहितो. या महिन्याचा १२.७. उद्या गुरुवार आहे, साडेसहाला निघायचंय.